फिरायची वेळ बदलली : संक्रांतीपर्यंत सकाळी सात

सर्व सभासदांना रामराम. परभणीची थंडी काय असते ते आपल्याला सांगायला नको. पारा 10 अंशांच्या खाली असताना साडेपाचला मैदानावर येणं हा निव्वळ हट्ट आहे (काही काका ऐकायचे नाहीत, ठाऊक आहे). उद्यापासून सात वाजता जमू.

थंडीनं रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. तेव्हा बीपीची गोळी चुकवू नका. अंथरुणातून उठून थेट बाहेर नको, आधी घरातच हातपाय मोकळे करा. एका जाड स्वेटरपेक्षा बनियन, सदरा, वर पातळ स्वेटर असं घाला. अंग तापलं की स्वेटर कमरेला बांधता येतो. कानटोपी हवीच. तहान लागत नसली तरी कोमट पाणी पीत राहा.

एक कळकळीचं सांगणं : कोळशाची शेगडी दारं-खिडक्या लावून खोलीत ठेवून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो. अंगणात खुशाल शेका.

ज्यांचे गुडघे धरलेत त्यांनी दोनच फेऱ्या मारा, पण या.

रविवारी फिरून झाल्यावर हुरडा आहे. तिळाची चटणी मावशी आणतील, गूळ ज्यानं त्यानं आपली शुगर बघून खावा.