गोचीडतापाचा बंदोबस्त भिंतीपासून करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा सरताना आणि पावसाळ्यात पशुवैद्यांच्या दवाखान्यांत एकसारखी तक्रार घेऊन आलेली कुत्री दिसतात. खाणे सोडलेले, अंग तापलेले, हिरड्या पांढुरक्या, एखाद्याच्या नाकातून रक्त. रक्त तपासले की प्लेटलेट घसरलेल्या असतात आणि निदान होते गोचीडतापाचे. चांगली धडधाकट कुत्री यात दगावतात. नीट काळजी घेतली तर यातली बरीचशी वाचतील, म्हणून हे पत्र.

मुळात गोचीडताप हा एकच आजार नाही. एर्लिकिया हा जिवाणू पांढऱ्या पेशींत घर करतो, तर बबेसिया हा परजीवी तांबड्या पेशी फोडतो आणि लघवी गडद होते. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन साधारण चार आठवडे द्यावे लागते. बबेसियाची औषधे निराळी. त्यामुळे शेजाऱ्यांच्या कुत्र्याला लागू पडलेल्या गोळ्या आपल्याही कुत्र्याला चालतील असे नाही. कुत्रे जेवायला लागले की गोळ्या बंद करणारे तर पुष्कळ. मग काही महिन्यांनी तोच आजार थेट अस्थिमज्जेला धक्का देऊन परततो. घरातली आयबुप्रोफेनसारखी गोळी तर कुत्र्याला कधीच देऊ नये.

एर्लिकियावर लस नाही. चिकटलेल्या गोचिडीतून तो काही तासांतच कुत्र्याच्या रक्तात उतरू शकतो. संध्याकाळी चिमट्याने गोचीड काढणे चांगलेच, पण तेवढ्यावर भागत नाही. कारण कुत्र्याच्या अंगावर दिसते ती तिची थोडीच प्रजा, बाकीची भिंतीत असते. आमच्या पार्किंगमध्ये जिन्याखाली एक कुत्री झोपते. रात्री तिच्या जागेवरच्या भिंतीवर टॉर्च मारला, तर मीटरच्या खोक्यामागे रक्त पिऊन एरंडीच्या बीएवढी फुगलेली राखाडी मादी दिसते आणि वर छताकडे सरकणारी, डोळ्यांना जेमतेम दिसणारी सहा पायांची पिल्ले. एक मादी फटीत हजारो अंडी घालते. पिल्लू, मग आठ पायांची कुमार अवस्था, मग प्रौढ गोचीड. दर टप्प्याला ती कुत्र्यावर चढते, रक्त पिते आणि पुन्हा खाली उतरते. उपाशी असली तरी कित्येक महिने तग धरते.

म्हणूनच ‘भटकी कुत्री उचला’ या मागणीने गोचीड जात नाही. कुत्री नेली तरी भिंतीतली प्रजा तिथेच राहते. सोसायट्यांनी फटी बुजवाव्यात, कुत्र्यांच्या बसण्याच्या जागा झाडून-पुसून घ्याव्यात, फवारणी जाणकाराकडून करून घ्यावी आणि दोन-तीन आठवड्यांनी ती पुन्हा करावी, कारण पहिल्या फवारणीतून अंडी वाचतात. त्याच सुमारास इमारतीतल्या सगळ्या कुत्र्यांना, जिन्याखालच्यांनाही, वजनानुसार गोचीडनाशक औषध मिळाले पाहिजे. एका गोळीचा परिणाम महिनाभर, काहींचा बारा आठवड्यांपर्यंत टिकतो. कुत्र्याला फिट येत असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावे. गाई-म्हशींचे गोचीडनाशक अंदाजाने पाण्यात कालवून चोळणे किंवा रॉकेल लावणे हा जिवाशी खेळ आहे. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेले औषध आणूच नये, मांजराला ते विष आहे.

माझी खरी विनंती महापालिकांना आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी होते, रेबीजची लस दिली जाते. कुत्रे हाती लागलेले असते, काही दिवस पिंजऱ्यात असते. मग त्याच वेळी गोचिडांवरचे दीर्घकाळ टिकणारे औषध का देऊ नये? त्याने प्रश्न कायमचा सुटणार नाही, पण त्या गल्लीतली गोचिडांची पैदास काही महिने तरी मोडेल. आणखी एक कारण आहे. प्लेटलेट कमी असलेल्या कुत्रीवर शस्त्रक्रिया केली तर रक्तस्राव थांबत नाही. टेबलावर घेण्याआधी हिरड्या पाहणे आणि रक्ताची काचपट्टी तपासणे हे नसबंदीच्याच हिताचे आहे. त्याला सूक्ष्मदर्शक, थोडा रंग आणि जाणता माणूस एवढेच लागते. ही तपासणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांतही नियमित व्हावी. खासगी प्रयोगशाळेचा खर्च वॉचमन, भाजीवाले, घरकाम करणाऱ्या ताई यांच्या आवाक्याबाहेरचा असतो आणि कुत्र्यांवर जीव तर त्यांचाही तितकाच असतो.

नसबंदीचे काम संस्थांना दर कुत्र्यामागे ठरलेल्या रकमेवर दिले जाते. पुढच्या निविदेत गोचीडनाशक औषधाची आणि रक्ततपासणीची अट घालून त्याप्रमाणे दर ठरवावा.

एक वाचक, पुणे