मिस्तरी, तुम्ही न केलेल्या कामांबद्दल

मिस्तरी,

नमस्कार आणि सलाम, दोन्ही.

तोंडावर आभार मानायला लागलो की तुम्ही "चला सर, तास चुकंल तुमचा" म्हणून हाकलून देता. म्हणून हे असं चारचौघांत लिहितोय. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. गाड्या दुरुस्तीच्या दुकानावर पाटी नाही तर पत्रात नाव कशाला? तुमच्याकडं येणाऱ्यांना दोन ओळींत कळंल कोणाबद्दल चाललंय ते, आणि दुकानातलं पोरगं मोबाईलवर तुम्हाला वाचून दाखवीलच.

केलेल्या कामाचे पैसे मी तुम्हाला दिलेत. उशिरा दिले, हप्त्यानं दिले, पण दिले. त्याचा हिशेब तुमच्या वहीत आहे. हे पत्र आहे ते तुम्ही केली नाहीत त्या कामांबद्दल. त्यांची मजुरी कुणी लावत नाही आणि आभारही कुणी मानत नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडं माझं सांगतो. मी तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक. राहतो धारूरला, शिकवतो माजलगावला. सकाळी बालाघाटाच्या डोंगरावरून खाली उतरायचं, संध्याकाळी परत वर चढायचं. एसटीच्या वेळा आणि माझ्या तासांच्या वेळा कधी जुळल्या नाहीत, त्यामुळं मोटारसायकलशिवाय गत्यंतर नाही. घेतला तो तास मोजला जातो, बुडाला तो गेला. वर मानधन महिन्याच्या महिन्याला येतं असं कोणी सांगत असेल तर त्यानं आमच्यात नोकरी केलेली नाही. अशा माणसाची २००८ ची सेकंडहँड स्प्लेंडर बंद पडली की त्या दिवशी गाडीही गेली आणि पगारही.

तुमच्याकडं पहिल्यांदा आलो तेव्हा गाडी धूर मारत होती. त्याआधी एका मोठ्या गॅरेजात दाखवली होती. तिथल्या माणसानं सायलेन्सरकडं एकदा बघितलं आणि "बोअर-पिस्टन गेलं, पूर्ण इंजिन उतरावं लागंल" म्हणून जो आकडा सांगितला, तो माझ्या दोन महिन्यांच्या मानधनाएवढा होता.

तुम्ही पान्याला हात लावला नाही. आधी विचारत बसलात. धूर सकाळच्या पहिल्या किकला येतो का दिवसभर? घाट चढताना वाढतो का? उतारावर रेस सोडून परत दिली की भसकन येतो का? रंग काळा का निळसर? ऑइल किती उतरतं? मी म्हणालो, सकाळी निळसर लोट येतो आणि थोड्या वेळात जातो, चढाला काही नाही. तेव्हा तुम्ही सांगितलं ते मी अजून वर्गात उदाहरण म्हणून देतो. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. चोक अडकलाय नाहीतर फिल्टर तुंबलाय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पण ऑइल आत शिरायला वाटा दोन. पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील तर जोर लावल्यावर, चढाला धूर वाढणार. वॉल्व्हचे सील गेले असतील तर गाडी रात्रभर उभी राहिल्यावर ऑइल थेंब थेंब खाली उतरणार आणि सकाळी एकदाच जळून जाणार. माझी गाडी दुसऱ्यातली निघाली. हेड उतरवलं, बोअरच्या आत बोट फिरवून बघितलं, रेघ नव्हती. "पिस्टन अजून जवान है सर, इसको नक्को छेडो." दोन ऑइल सील, एक गास्केट, वॉल्व्ह घासून बसवले, आणि बाकीचं इंजिन होतं तसं बंद केलं. त्या दिवशी तुम्ही बोअर-पिस्टन टाकलं असतं तर मला कळलंही नसतं. धूर बंद झाला असता, मी खूश झालो असतो आणि तुमचा चांगला धंदा झाला असता.

मग अ‍ॅव्हरेजचं. २०२१ मध्ये पेट्रोल शंभरीपार गेलं, आपल्याकडं परभणीत तर आधीच, तेव्हापासून माझ्यासारख्याला लिटरमागे पाच किलोमीटर कमी झाले तरी पोटात गोळा येतो. अ‍ॅव्हरेज पडलं म्हणून आलो तेव्हा मनात धरूनच आलो होतो की कार्बोरेटर बदलावा लागणार. तुम्ही गाडी डबल स्टँडवर घेतली, न्यूट्रल केली आणि मागचं चाक हातानं फिरवलं. एक वेढा पुरा व्हायच्या आत चाक थांबलं. तुम्ही माझ्याकडं बघितलं, बोलला काहीच नाहीत. ब्रेकचा नट दोन-तीन आटे सैल केला. चेन बोटानं वर-खाली हलवली. चाक थोडं थोडं फिरवत चेन सगळ्यात ताठ कुठं येते ती जागा शोधली आणि तिथं बोटाच्या जाडीपेक्षा किंचित जास्त झोळ ठेवला. चेन सगळीकडं सारखी झिजत नाही, त्यामुळं सैल जागेवर मापून ताणली तर ताठ जागेवर ती बेअरिंग खाते, हे तेव्हा कळलं. दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवल्या, मग परत ब्रेक लावून बघितला, कारण चाक मागं सरकलं की ब्रेकही बदलतो. टायरमध्ये हवा बघितली. पुढं २५, मागं २८, आणि बायको मागं बसणार असंल तर मागं ४०. परत चाक फिरवलं. आता ते थांबायचं नावच घेईना. कार्बोरेटरकडं तुम्ही बघितलंसुद्धा नाही. पैसे विचारले तर म्हणालात, चहा सांगा.

टॅपेटचं, म्हणजे वॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचं, तर तुमचं वेगळंच. बाकी गॅरेजात टॅपेटचा आवाज काढून देतात आणि गिऱ्हाईक खूश होतं. तुम्ही आवाज ठेवता. तो आणि वॉल्व्ह यांच्यातली फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी, तीसुद्धा इंजिन पूर्ण थंड असतानाच मापायची. मी घाट उतरून येणार म्हणजे इंजिन तापलेलंच. म्हणून तुम्ही गाडी रात्रभर ठेवून घेतली आणि मला काळी-पिवळीत कोंबून वर पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी समोर बसून बघितलं. फ्लायव्हीलची खूण खाचेला आणली, फिलर गेजची पत्ती फटीत सारली, छोटा नट धरून स्क्रू फिरवला आणि पत्ती ओढून बघायला माझ्याच हातात दिली. किंचित अडकत सरकली पाहिजे, बस. "आवाज करणारा टॅपेट बरा सर. मुका टॅपेट वॉल्व्ह जाळतो." सैल असला तर टकटक करून सांगतो तरी. जास्त कसला तर वॉल्व्ह पुरता बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं, वॉल्व्हची कड जळते आणि हे सगळं गुपचूप होतं. गुळगुळीत आवाजासाठी पैसे मोजणारे किती असतील आपल्याकडं!

तुम्ही नुसते काटकसरीचे आहात असं मात्र कोणी समजू नये. काही ठिकाणी तुम्ही मला खर्च करायला लावलाय, तोही उधारी वाढवून. ब्रेकचे लायनर, टायर, क्लच वायर आणि चेन-स्पॉकेट यांत लोकल माल घालायला तुम्ही सरळ नाही म्हणता. चेन गेली तर चेन आणि पुढची-मागची दातेरी चक्रं, तिन्ही बदलायची. झिजलेल्या दातांवर नवी चेन घातली की ती लवकरच जुनी होते. नव्या क्लच वायरचा खर्च मी टाळायला बघत होतो, तर जुनीचे तुटायला आलेले धागे नखानं उकलून दाखवलेत आणि म्हणालात, ही घाटातच तुटणार, दारात नाही तुटणार. आणि ऑइल. कारचं उरलेलं चांगल्या कंपनीचं ऑइल माझा मेव्हणा फुकट देत होता. तुम्ही ते घातलं नाही. आपल्या गाडीत क्लच प्लेटा त्याच ऑइलात बुडालेल्या असतात, कारच्या ऑइलनं त्या घसरतात. डब्यावर जासो एमए (अशा क्लचच्या मोटारसायकलींसाठीच्या ऑइलची खूण) लिहिलेलं बघून घ्या, म्हणालात. तेव्हापासून दुकानात मी डबा उलटा करून वाचतो आणि दुकानदार माझ्याकडं संशयानं बघतो. प्रत्येक वेळी बदललेला पार्ट तुम्ही कागदात गुंडाळून माझ्या हातात देता, हेही इथं सांगतो. जुना पार्ट मागितला की ज्या गॅरेजवाल्याच्या कपाळाला आठी पडते, तिथं परत जाऊ नये.

घाटात गाडी बंद करून, न्यूट्रलवर सोडून पेट्रोल वाचवणारे आपल्याकडं मायंदाळ आहेत. त्यातल्या एकाला तुम्ही दुकानात सगळ्यांदेखत झापलं होतं ते आठवतंय. ड्रमब्रेक तापला की धरत नाही, गिअरमध्ये असली की इंजिनच गाडी आवरतं. त्या माणसानं ऐकलं का माहीत नाही. मी आरणवाडीपर्यंत तिसऱ्यातच उतरतो.

तुमचं खरं काम मात्र गुढीपाडव्याच्या आसपास बघावं. दसरा-दिवाळीला ऊसतोडीला गेलेली माणसं परत येतात आणि तुमच्या दारात गाड्यांची रांग लागते. पाच-सहा महिने गोठ्यात उभी राहिलेली गाडी. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल आटून चिकट थर झालेला, स्लो जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, बुजलेला, बॅटरी मेलेली, एकदा तर फिल्टरच्या डब्यात उंदरानं संसार थाटलेला. या माणसांच्या हातात उचल फेडून उरलेले पैसे, तेही मोजके. "कार्बोरेटर गेला" म्हटलं तर ते बिचारे मान हलवून पैसे काढतील. तुम्ही वाटी उघडता, जेट काढून उजेडाकडं धरता, केबलमधली तांब्याची एक बारीक तार त्यातून घालता. पोराच्या हातात टाचणी दिसली की ओरडता, कारण पोलादानं भोक मोठं झालं की अ‍ॅव्हरेज कायमचं गेलं. मग हवा मारून बसवता. जाताना त्यांना दरवर्षी तेच सांगता: पुढच्या वर्षी निघायच्या आधी पेट्रोलचा कॉक बंद करा, गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा म्हणजे वाटी रिकामी होते, आणि बॅटरीची वायर सोडा. टाकी भरून ठेवा, आतून गंजत नाही, हेही सांगता, पण ते कुणी ऐकत नाही. उभ्या गाडीत हजार रुपयांचं पेट्रोल ओतून कोण कारखान्यावर जाईल? आता तर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलंय. ते ओल धरतं, त्यामुळं उभ्या गाडीचे हाल जास्त. ज्या उसापासूनही ते होतं तो तोडणाऱ्याचीच गाडी त्यानं अडावी, याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा. तुमच्या शब्दांत सांगा, मी इथं लिहू शकणार नाही.

मधे एकदा मी नवी गाडी हप्त्यावर घ्यायचं काढलं होतं. तुम्ही त्यालाही नाही म्हणाला नाहीत. एवढंच विचारलंत की हप्ता दर महिन्याला भरायचा ना, आणि मानधन? मी गप्प बसलो. २०२० च्या एप्रिलपासूनच्या बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं, सेन्सर आले. वाईट नाहीत त्या, धूर कमी सोडतात, थंडीत पटकन सुरू होतात, पण अडल्या की तांब्याच्या तारेनं काम भागत नाही. तुमच्या पोराला तुम्ही स्कॅनरचं काम शिकायला पाठवताय हे ऐकलं. चांगलं करताय. मी मात्र पंधरा वर्षं झालेल्या गाडीची आरसी पुढच्या पाच वर्षांसाठी नवी करून घेतली, ती तुमच्या भरवशावर.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली होती. माझ्या वर्गातली दोन-तीन पोरं गावाकडून जुन्या गाड्यांवर येतात. त्यांना मी आता तुमचेच प्रश्न विचारतो: धूर कधी येतो, चाक हातानं किती फिरतं, आवाज थंड असताना येतो का तापल्यावर? कोणी "इंजिन काम निघालंय" म्हणालं तर आधी तुमच्याकडं पाठवतो. त्यातला एक परवा हसत आला, पन्नास रुपयांत काम झालं म्हणून. तुमचं दीड-दोन हजारांचं नुकसान माझ्यामुळं झालं, त्याचे वेगळे आभार.

बाकी समक्ष.

तुमचा,
स्प्लेंडरवाला सर

ता. क. पुढचे शॉकअप गळायला लागलेत. दिवाळीपर्यंत चालतील असं तुम्ही म्हणाला होता, पण आता घाटात ब्रेक दाबला की पुढून ठक आवाज येतो. तुमच्याकडं सील नसतील तर शनिवारी बीडला जाणार आहे, कोणत्या मापाचे आणायचे ते पोराला सांगून ठेवा. आणि मानधन जमा झालंय, वही काढून ठेवा.