बीम उतरताना शेवटचे तीन मीटर आम्हाला द्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी इचलकरंजीची, टेक्स्टाइलच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. आपल्या पेपरात यंत्रमाग भंगारात चालले, मंदी आली, वीजबिल परवडत नाही अशा बातम्या नेहमी येतात आणि आमच्या घरात त्या मोठ्याने वाचल्या जातात, कारण पप्पांचे स्वतःचे आठ माग आहेत, साधे, शटलवाले. या सगळ्या चर्चेत अनुदान, व्याजसवलत, वीजदर सगळं येतं पण सॅम्पल, म्हणजे करून बघायला विणलेला नमुन्याचा तुकडा, हा शब्द कुणाच्या तोंडातून येत नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. पत्र थोडं लांबलंय, पण शक्य असेल तर पूर्ण छापा.

पप्पा खर्चीवाले आहेत. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, खर्चीवाला म्हणजे बीम (उभे धागे, म्हणजे ताणा, गुंडाळलेला मोठा रूळ) व्यापाऱ्याचं, बाण्याचं म्हणजे आडव्या धाग्याचं सूत व्यापाऱ्याचं, कुठली क्वालिटी काढायची ते पण व्यापारी सांगणार, आपण फक्त आपल्या मागावर विणून द्यायचं आणि पिकावर मजुरी घ्यायची. पीक म्हणजे आडवा धागा, जेवढी पिकं जास्त तेवढी मजुरी जास्त. पप्पांनी तीस वर्षं असं विणलंय, किती लाख मीटर झालं असेल त्याचा हिशोब त्यांच्याकडे पण नाही, पण त्यातलं एक वीतभर कापड सुद्धा त्यांनी स्वतःच्या मनाने विणलेलं नव्हतं. हे मला कॉलेजला जाईपर्यंत कधी जाणवलंच नाही.

कॉलेजमध्ये दुसऱ्या वर्षी आम्हाला हातमागाचं सॅम्पलिंग सुरू झालं. छोटा माग, ४० ची फणी (कंगव्यासारखी पट्टी, दोन इंचात ४० घरं), एका घरात दोन धागे म्हणजे इंचाला ४० धागे, आणि साधी वीण, ट्विल, हनीकोंब असं एकेक विणून फाईलला लावायचं. माझ्या पहिल्याच सॅम्पलमध्ये वहीच्या एका डोळ्यातून दोन धागे ओवले गेले (वही म्हणजे मागावर धागे वर-खाली करणारी चौकट, लिहायची वही नाही) आणि कापडावर वरपासून खालपर्यंत एक जाड रेघ उठली. मॅडम म्हणाल्या कापून टाक, नवीन कर. मी ते घरी नेलं. आमच्या कारखान्यात वहिफणी करायला, म्हणजे वहीतून आणि फणीतून धागे ओवायला, एक काका येतात, त्यांना दाखवलं, त्यांनी अंगठ्याने ती रेघ चाचपली आणि म्हणाले, "दर इंचाला घाल की गं, मग बघ." मी घातली. दर इंचाला दोन धागे एका डोळ्यात, मध्ये साधी वीण, आणि बाण्याला थोडं बारीक सूत. हाताला दोरी लागावी तशी उठावदार पट्टी तयार झाली, शर्टिंगला चालेल अशी. अख्ख्या वर्षात माझं सगळ्यात चांगलं सॅम्पल ते आहे आणि ते फाईलमध्ये नाही, कारण त्या युनिटचा विषय साधी वीण होता आणि त्यात "दोष" चालत नाही.

आता निटिंगचं. आपल्या मराठीत मागावरचं कापड पण विणतात आणि स्वेटर पण विणतात, त्यामुळे घरी मी निटिंग शिकतेय म्हटल्यावर आजीला वाटलं दोन्ही एकच. पण मागावर ताणा आणि बाणा असे दोन वेगळे धागे एकमेकांना आडवे जातात आणि निटिंगमध्ये एकच धागा स्वतःच्याच टाक्यातून टाका काढत पुढे जातो, म्हणून तर टी-शर्ट ताणला जातो आणि पॉपलीनचा शर्ट ताणला जात नाही. आजीला सुलट-उलट टाके येतात, तिला मशीनवरचं नुसतं सुलट विणलेलं सॅम्पल दाखवलं तर बघताक्षणी म्हणाली, "कडा वळणारच, एक सुलट एक उलट घे." मशीनवर हेच, म्हणजे रिब, शिकायला आम्हाला दोन लेक्चर लागली होती. आजी कधी मशीनजवळ पण गेलेली नाही.

आमच्याकडे हाताने चालवायचं निटिंग मशीन आहे, ७ गेजचं, म्हणजे इंचात सात सुया. प्रत्येक सुईला पुढे हूक आणि मागे एक छोटी जिभली असते, कॅरेज सरकवली की जिभली उघडते, धागा आत येतो, जिभली मिटते, जुना टाका वरून निसटतो आणि नवा टाका तयार. हे जवळून बघितलं ना की तासन् तास बघत बसावंसं वाटतं. मी त्याच्यावर तांब्याची तार विणायचं ठरवलं, मोटर वायंडिंगच्या दुकानात मिळते ती बारीक. लोकरीच्या सेटिंगवरच कॅरेज ओढली, दोन ओळी झाल्या, तिसऱ्या ओळीला कट् कट् आवाज आला आणि सहा सुयांच्या जिभल्या गेल्या. सुयांचे पैसे मी भरले, बरोबरच आहे, चूक माझी होती. पण मला कळलं काय ते सांगते. लोकर ताण आला की थोडी लांबते आणि टाका सुईवरून निसटायला जागा देते, तार लांबत नाही, मग सगळा जोर हुकावर आणि जिभलीवर येतो. पुढच्या वेळी एक सोडून एक सुई घेतली, टाका सैल केला, खालची वजनं कमी केली, आणि जाळीसारखा तुकडा निघाला जो हाताने वाकवाल तसा उभा राहतो. दिवा करता येईल त्याचा. पुस्तकात टाक्याच्या लांबीचा फॉर्म्युला आहे, तो मला पाठ होता, तरी सहा सुया मोडेपर्यंत त्याचा अर्थ डोक्यात गेला नव्हता.

या सॅम्पलला मला दहापैकी चार मार्क पडले. शेरा होता "उपयोग नाही".

मार्कांसाठी रडत नाहीये. पण आमच्या वर्गात बत्तीस जण आहेत आणि बत्तीस फाईली सारख्या आहेत, कारण स्वच्छ, सरळ कडेचे, न चुकलेले दहा तुकडे लावले की मार्क मिळतात. मग मुलं काय करतात, मागच्या वर्षीच्या सिनियरचे तुकडे काढून आपल्या फाईलला चिकटवतात. आता तर काही युनिटला मागावर बसायची पण गरज नाही, सॉफ्टवेअरवर वीण काढून कलर प्रिंट लावली तरी चालते. सॉफ्टवेअर वाईट नाही, मी पण वापरते, रंग बदलून बघायला सोपं पडतं, पण स्क्रीनवर सुताचा पीळ दिसत नाही आणि कापड पाण्यात गेल्यावर काय करतं ते तर अजिबात दिसत नाही. लॅब पाचला बंद. माग चार. सूत मोजून मिळतं, आणि चुकलं तर परत मागायला लाज वाटावी असं बोलणं ऐकावं लागतं. अशात कोण प्रयोग करणार?

पाण्याचं सांगायचं राहिलं. गेल्या दिवाळीच्या आधी पप्पांच्या एका मागावरचं बीम संपत आलं होतं. मी मागे लागले की शेवटचे तीन मीटर मला द्या. ते आधी नाही म्हणाले कारण व्यापारी मीटर मोजून घेतो, मग म्हणाले बरं, तीन मीटरचे पैसे मी देतो. साधा माग, त्यात वीण बदलता येत नाही, म्हणून मी फक्त बाणा बदलला. कॉलेजमधून थोडं जास्त पिळाचं सूत आणलं होतं, ते आईने कांडीवर भरून दिलं, पप्पांनी पिकाचं चाक बदलून पिकं कमी केली आणि धोट्यात (शटलमध्ये) कांडी घातली. एक मीटर नेहमीच्या सुताने, एक मीटर जास्त पिळाच्या, आणि शेवटचा मीटर दोन्ही आलटूनपालटून चार-चार बोटांवर. मागावर तिन्ही सारखेच दिसत होते, सपाट, कारण तिथे सगळं ताणलेलं असतं. पप्पा म्हणाले, "यात काय वेगळं आहे?"

मी बादलीत गरम पाणी घेतलं आणि तुकडा बुडवला. अर्ध्या मिनिटात जास्त पिळाचा भाग आक्रसायला लागला, पन्ना वीतभर आत आला आणि बारीक सुरकुत्या पडल्या, क्रेपसारख्या. पट्ट्यांचा जो मीटर होता त्यात सपाट भाग फुगून वर आला आणि मधल्या पट्ट्या आवळल्या. पप्पा खाली उकिडवे बसले आणि बादलीत हात घालून ते कापड चोळून बघायला लागले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आपलं कापड पाण्यात काय करतं हे मी पहिल्यांदा बघतोय. खरं आहे, आमचं कापड ग्रे म्हणजे न धुतलेलं, न रंगवलेलं असंच जातं, धुणं, रंगवणं सगळं दुसरीकडे प्रोसेसला, तीस वर्षं विणणाऱ्या माणसाने ते ओलं कधी बघितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो तुकडा वाळवून ते स्वतः एका पेढीवर घेऊन गेले. ऑर्डर वगैरे काही आली नाही, पण ते दर विचारायला न जाता दाखवायला गेले, आणि त्या दिवसापासून मला विचारतात की पुढच्या बीमला काय घालायचं.

विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला, श्रीमंत नारायणराव घोरपडे सरकारांच्या काळात, हे आम्हाला शाळेपासून सांगतात. तो पण त्या वेळी प्रयोगच होता ना? चालेल की नाही हे कुणाला माहीत होतं? आज गावात एवढे माग आहेत आणि स्वतःची क्वालिटी स्वतः ठरवणारे किती आहेत ते तुम्हीच बघा. टी-शर्ट तिरुपूरहून येतो, स्वेटर लुधियानाहून, आणि आमच्या वर्गातली निटिंग आवडणारी पोरं म्हणतात आपल्याला तिकडेच जावं लागणार.

माझं मागणं मोठं नाही. कॉलेजांनी चुकलेलं सॅम्पल फेकायला लावू नये, ते चुकलं कसं आणि दुसऱ्यांदा काय बदललं हे लिहून फाईलला लावू द्यावं आणि त्याला मार्क द्यावेत. लॅब आठवड्यातून दोन दिवस तरी रात्री आठपर्यंत उघडी ठेवावी. मुलींना उशीर होतो हे कारण नेहमी सांगतात, पण क्लासवरून आम्ही रोज नऊला घरी येतोच.

आणि मागवाल्या काकांना, व्यापारी मंडळींना विनंती. बीम उतरायच्या वेळी शेवटचे तीन मीटर एखाद्या विद्यार्थ्याला द्या, बाण्याचं सूत आम्ही आणू. ज्यांच्याकडे रॅपिअर (बिनधोट्याचे नवे माग) आहेत त्यांच्या मागाच्या कडेला ती झालरीसारखी पट्टी कापून पडते, ती किलोवर विकली जाते हे माहीत आहे, त्यातली दोन-चार किलो द्या, बाण्यात घातली की चटईसारखं जाड कापड होतं, मी करून बघितलंय, थोडं वाकडं झालं पण होतं. कोनवर उरलेलं सूत पण चालेल, रंग कुठलाही. कुणाला द्यायचं असेल तर जवळच्या टेक्स्टाइल कॉलेजमध्ये निरोप द्या, पोरं स्वतः गाडीवरून येऊन घेऊन जातील. आमच्या दोन नंबरच्या मागावरचं बीम पुढच्या आठवड्यात संपतंय, त्याचे तीन मीटर मी वर्गातल्या दुसऱ्या एका मुलीला दिलेत, तिच्या घरी माग नाही.

आपली,
टेक्स्टाइलची एक विद्यार्थिनी,
इचलकरंजी