मृणाल, ती बातमी पुन्हा उघड

कोपरी, ठाणे (पूर्व)
रविवार, सकाळ

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी रात्री तुमच्या संकेतस्थळावर आलेली जवानाच्या मृत्यूची बातमी मी तीन वेळा वाचली. पहिल्यांदा वाचली ती तिच्याखाली तुझे नाव होते म्हणून. पुढच्या दोन वेळा मात्र जुन्या लिपिकाच्या सवयीने, पेन्सिल हातात धरून. फोन केला असता तर तू 'बाबा, शिफ्टवर आहे' म्हणाली असतीस आणि माझाही आवाज चढला असता, म्हणून सानपाड्याच्या पत्त्यावर हे पत्र धाडतो आहे.

मथळ्यात 'जवान' होता, आत्महत्येसाठी वापरलेले 'टोकाचे पाऊल' होते आणि 'कौटुंबिक वाद' होता. मृत्यू होऊन तेव्हा चार तासही उलटले नसतील. पलटणीच्या कार्यालयात मी एकोणीस वर्षे टंकलेखन केले आणि अशा मृत्यूनंतर बसणाऱ्या कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे, म्हणजे लष्कराच्या अंतर्गत चौकशीचे, कागद दोनदा माझ्या हातून गेले. साक्षी, नामंजूर झालेले सुट्टीचे अर्ज, डॉक्टरांचे शेरे, गावाकडचा जमिनीचा दावा, बहिणीच्या लग्नासाठी काढलेले कर्ज, हे सारे जुळवता जुळवता महिने जात, आणि तरीही शेवटच्या पानावर एकच कारण लिहिताना साहेबांचा हात अडखळत असे. तुमच्याकडे ते कारण 'प्राथमिक माहितीनुसार' या दोन शब्दांच्या आडोशाने चार तासांत आत आले. त्या कारणाला किंमत असते, बाळ. मृत्यू लष्करी सेवेमुळे ओढवला असे ठरले तर पत्नीला विशेष कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, तसे ठरले नाही तर साधे. तुझी बातमी तिथे पुरावा धरणार नाहीत हे मला ठाऊक आहे, पण गावच्या पारावर तीच पुरावा असते.

आता जे सांगतो ते तुला आजवर सांगितलेले नाही. दिवाळीला साताऱ्याहून कंदी पेढे आणणारे तुझे काका हृदयविकाराने गेले, असे तू नववीत असताना आम्ही तुला सांगितले, ते खरे नव्हते. ते माझ्याच पलटणीतले. अडतिसाव्या वर्षी पेन्शनवर आले आणि घोडबंदर रस्त्यावरच्या एका गृहसंकुलाच्या फाटकावर बारा तासांची पहाऱ्याची नोकरी करू लागले. ज्या माणसाने सियाचीनला दोन हिवाळे काढले, त्याला वाहन लावण्यावरून विशीतली पोरे एकेरीत बोलत. झोप येत नाही म्हणायचे. डॉक्टरांना दाखवू या असे मी एकदाच सुचवले, तेव्हा ते मोठ्याने हसले आणि म्हणाले, "हवालदार, मला काय ठाण्याला भरती करता?" राहत होते ठाण्यातच, पण त्या वाक्यातले ठाणे म्हणजे 1901 सालापासूनचे ते मनोरुग्णालय, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. मीही हसलो. त्या हसण्याचा हिशेब माझ्याकडे आहे, तुझ्याकडे मागणार नाही.

ते गेल्यावर एका वृत्तपत्रात आठ ओळी आल्या. इमारतीचे नाव होते, काय आणि कसे घडले त्याचा तपशील होता, गणवेशातला फोटो होता, आणि शेवटी 'व्यसनाधीनतेचीही चर्चा' होती. त्या माणसाने आयुष्यात सुपारीदेखील खाल्ली नव्हती. वहिनींनी ते कात्रण माझ्यासमोर ठेवून विचारले, "भाऊजी, ही चर्चा कुणी केली?" मला उत्तर देता आले नाही. म्हणून आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो आणि सगळ्यांना हृदयविकार सांगत सुटलो. वृत्तपत्राने जे केले आणि आम्ही जे केले, त्या दोहोंत त्यांची न येणारी झोप कुठेच आली नाही.

दडवणे हा उपाय आहे असे मी म्हणत नाही. लष्करात दडवण्याची सवय किती खोल आहे हे मी आतून पाहिले आहे. पण उघड करण्यालाही रीत हवी. 2017 मध्ये देवळालीच्या छावणीतले प्रकरण तुमच्या अभ्यासात आले असेल. सहायक पद्धतीवर, म्हणजे जवानांना अधिकाऱ्यांच्या घरच्या कामाला लावण्याच्या रिवाजावर, छुपे चित्रीकरण प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर काही दिवसांतच त्यात बोललेला एक जवान मृतावस्थेत सापडला. ते चित्रीकरण करणाऱ्या पत्रकार महिलेवर शासकीय गुपिते अधिनियमाखाली आणि आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा दाखल झाला, तो मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये रद्द केला. ते योग्यच झाले असे माझे मत आहे, कारण प्रश्न विचारणाऱ्याला आरोपी केले की प्रश्न पुन्हा बासनात जातो. तरीही अधिकाऱ्याचे कुत्रे फिरवण्याविषयी जो शिपाई बोलतो, त्याला उद्या सकाळी त्याच अधिकाऱ्यासमोर उभे राहायचे आहे, एवढे तरी कॅमेरा लावणाऱ्याच्या ध्यानात असावे.

तुझ्या बातमीतल्या आकड्यांवर मी सर्वाधिक रेघा ओढल्या आहेत. पाच वर्षांत 730 जवानांच्या आत्महत्या, असे तू लिहिलेस आणि शेजारी सैन्यदलाच्या संचलनाचे छायाचित्र लावलेस. डिसेंबर 2024 मध्ये राज्यसभेत दिला गेलेला तो आकडा गृह मंत्रालयाचा आहे, म्हणजे केंद्रीय राखीव पोलीस दल, सीमा सुरक्षा दल अशा निमलष्करी दलांचा. सैन्य संरक्षण मंत्रालयाकडे येते. दोघांच्या सुट्ट्या वेगळ्या, तैनाती वेगळी, निवृत्तिवेतनही वेगळे. मराठीत दोघेही जवानच, हे मान्य, पण म्हणूनच बातमीदाराने जास्त जपायचे. शिवाय त्याच माहितीतली सर्वांत कामाची गोष्ट तू गाळलीस. यातले 80 टक्क्यांहून अधिक मृत्यू सुट्टीवरून परतल्यानंतरचे आहेत. नुकताच घरून आलेल्या शेजारच्या खाटेवरच्या माणसाकडे लक्ष ठेवायला हवे, हे एका जरी नाईकाला त्यावरून कळले असते तर बातमीचे चीज झाले असते.

अमेरिकेत रोज 22 माजी सैनिक आत्महत्या करतात, हे वाक्यही तसेच. तिथल्या माजी सैनिक विभागाच्या 2012 च्या अहवालातला तो अंदाज 21 राज्यांच्या नोंदींवर बांधलेला होता, आणि त्यातले बहुसंख्य पन्नाशीच्या पुढचे होते. वाहिन्यांनी मात्र चित्र रंगवले ते इराकहून परतलेल्या तरुणाचे. नंतरच्या अहवालांत माजी सैनिकांचा आकडा रोज 17 च्या आसपास आहे. जुना आकडा मात्र अजून हिंडतोच आहे आणि त्याच्या गर्दीत म्हातारा, एकटा माजी सैनिक कुणाला दिसत नाही.

भारतीय प्रेस परिषदेने सप्टेंबर 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आधारे आत्महत्येच्या बातम्यांसाठी सूचना काढल्या: बातमी ठळक जागी लावू नये, पद्धत सांगू नये, ठिकाण सांगू नये, भडक मथळा देऊ नये, छायाचित्रे व चित्रफिती वापरू नयेत. परिषदेचा अंमल छापील वृत्तपत्रांपुरता आहे, असे तू म्हणशील, आणि ते बरोबरच आहे. व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रांवरही 1987 मध्ये कुणी सक्ती केली नव्हती. भुयारी रेल्वेतल्या आत्महत्यांची रसभरित वर्णने त्यांनी आपणहून थांबवली, आणि त्यानंतर तिथले असे मृत्यू व प्रयत्न तीन चतुर्थांशांनी घटले. रेल्वे तीच, माणसेही तीच.

तुझ्या बातमीतून मी काय काढले असते ते पेन्सिलीने लिहून सोबत जोडले आहे. दुसरा परिच्छेद अख्खा जाईल, कारण त्यात पद्धत आहे. पत्नीचे नाव आणि गाव जाईल. 'टोकाचे पाऊल' जाईल. त्या शब्दांत एक प्रकारची हिंमत सुचवली जाते, आणि रात्रपाळीच्या पहाऱ्यावर फोन बघत बसलेल्या दमलेल्या माणसाने ती वाचू नये. 'जवानाचा मृत्यू, चौकशी सुरू' एवढा मथळा पुरे. वाचक कमी येतील, तुझे संपादक कुरकुरतील. त्यांना सांग, माझा म्हातारा बाप त्रास देतो.

आणि बातमीच्या तळाशी जाहिरात आहे, तिथे टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक हवा होता. सैन्यातल्या माणसांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात त्याचा खास कक्ष डिसेंबर 2023 पासून चालू आहे, तेही एका ओळीत येईल. हे पत्र मिळेल त्या दिवशी शिफ्टवर गेलीस की आधी तेवढी ओळ टाक. बाकीचे आपण पुढच्या रविवारी तू जेवायला आलीस की बोलू. वहिनीही त्या दिवशी साताऱ्याहून येणार आहेत.

तुझे
बाबा