कोणता फोल्डर आधी, असं विचारणाऱ्या दादाला

चि. दादास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं नाव या पत्रात नाही. ते तूच नको म्हणालास. "काकी, नाव वाचून लोक आले तर एकेका डिस्कला एवढा वेळ मी कुठून आणू?" तुझं म्हणणं मला पटलं. पण माझ्या बिघडलेल्या कॉम्प्युटरमधल्या ओव्या तू वाचवल्यास, त्याचे आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत. तुझ्यासमोर बसले की माझे शब्द अडतात, आणि माझ्यासारख्या कितीतरी जणींच्या माळ्यावर जुना सीपीयू धूळ खात पडलेला असेल, त्यांच्याही कानावर हे जायला हवं.

आषाढात पाटणहून एसटीने कराडला आले तेव्हा सीपीयू शालीत गुंडाळून मांडीवर घेतला होता. कंडक्टर म्हणाला, "मावशी, खाली ठेवा." मी ठेवला नाही. स्टँडमागच्या तुझ्या गाळ्यात पाऊल टाकलं तेव्हा शाल एका बाजूने भिजली होती. तू आधी शाल सोडवलीस, सीपीयू कोरड्या फडक्याने पुसलास आणि मला स्टूल दिलंस. काय बिघडलंय हे त्यानंतर विचारलंस.

त्यात काय होतं ते त्या दिवशी मी धड सांगू शकले नव्हते, म्हणून आज सांगते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत असताना सुट्टीच्या दिवसांत मी कोयनेच्या खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांवर जायची. जात्यावर बसणाऱ्या बाया तेव्हा कमी होत चालल्या होत्या. पिठाची गिरणी आली, जातं अंगणात पालथं पडलं. म्हाताऱ्यांना मी पुन्हा जात्याशी बसवायची आणि टेपरेकॉर्डर चालू करायची. धरणात गेलेल्या घरांच्या ओव्या होत्या, 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपाच्या होत्या, आणि माहेरच्या तर किती! माझ्या आईचाही आवाज त्यात आहे. अशा चाळीसेक कॅसेट झाल्या. 2004 साली पतसंस्थेचं कर्ज काढून कॉम्प्युटर घेतला, हार्ड डिस्क 80 जीबीची. पुढच्या दोन वर्षांत एकेक कॅसेट वायर जोडून त्यात उतरवली. एका मिनिटाला दहा एमबी, म्हणजे तासाभराच्या कॅसेटला सहाशे. शिवाय प्रत्येक ओवी मी श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करत होते. संध्याकाळी भारनियमन असायचं, म्हणून पहाटे चारला उठून. पाटणच्या पावसाने कॅसेटना बुरशी लागली, तेव्हा सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे या भरवशावर मी त्या टाकून दिल्या. त्यामुळे त्या डिस्कवर जे होतं ते दुसरीकडे कुठेच नव्हतं.

तुझ्याकडे येण्याआधी मी आणखी एका दुकानात जाऊन आले होते. तिथे मशीन न उघडताच सांगितलं, "सी ड्राइव्ह फॉरमॅट मारतो, तुमचा डेटा डी ड्राइव्हला असेल, तो राहतो." मी हो म्हणणार होते, पण तेवढ्यात लाइट गेली आणि उद्या या म्हणाले. ते काय होऊन बसलं असतं, हे तू सांगितल्यावर कळलं. डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळं आणि माय डॉक्युमेंट्स हे दोन्ही सी ड्राइव्हच्याच पोटात असतं, आणि फॉरमॅट म्हणजे ते सगळं पुसणं. माझा ओव्यांचा फोल्डर वीस वर्षं डेस्कटॉपवर होता. भाच्याने घरी पेन ड्राइव्हवर जे उतरवलं होतं तेही फक्त डी ड्राइव्हमधलं, म्हणजे लग्नाचे फोटो आणि शाळेची पत्रकं.

तू डिस्क जोडलीस, तिच्यावर हात ठेवलास, कान जवळ नेलास. टक्, टक्, मग थोडं फिरणं, परत टक्. तू लगेच बंद केलीस. "हा आवाज यायला लागल्यावर किती वेळा चालू केलीत?" मी म्हटलं, रोज, आज तरी चालेल म्हणून. तू रागावला नाहीस. आत काय असतं ते टेबलावर बोटाने गोल काढून समजावलंस: तबकड्या मिनिटाला 7200 वेळा फिरतात आणि वाचणारं टोक त्यांच्यावर केसापेक्षा हजारो पट बारीक अंतर ठेवून तरंगतं. वाचायला जमलं नाही की ते मागे जाऊन पुन्हा प्रयत्न करतं, तोच टक् आवाज. मला जातं आठवलं. तिथे वरचा दगड खालच्याला घासला की पीठ पडतं. इथे टेकलं तर अक्षरंच खरवडली जातात.

मग तू खोटा धीर दिला नाहीस, हे मला फार मोठं वाटतं. "डिस्क ओळखलीच नाही तर मी उघडणार नाही काकी. तिला बिनधुळीची खोली लागते, ती माझ्याकडे नाही. खर्चही मोठा असतो." एवढं स्पष्ट सांगून तू विचारलंस, "आत्ता जर तिने दहाच मिनिटं साथ दिली, तर त्या दहा मिनिटांत तुम्हाला कोणता फोल्डर हवा?"

दादा, तोवर मला सगळे सगळ्याबद्दलच बोलत होते. सगळं निघेल, सगळं गेलं, सगळं फॉरमॅट करू. माझ्यासाठी सगळ्यात आधी काय, हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, ओव्या टाइप केलेला. तू विचारलंस, आवाजाचा नको? मला रडू आलं. आईचा आवाज की शेकडो बायांचे शब्द, असं निवडायला लागलं होतं. तू उठून दोन कप चहा सांगितलास आणि मला वेळ दिलास. मी पुन्हा म्हटलं, टाइप केलेला.

तुझ्या गाळ्याच्या कोपऱ्यातलं ते जुनाट मशीन मी विसरणार नाही. जुन्या डिस्कची चाळीस पिनांची रुंद राखाडी पट्टी नव्या कॉम्प्युटरला लागतच नाही, म्हणून तू ते मुद्दाम सांभाळून ठेवलंयस. विंडोजऐवजी लिनक्स पेन ड्राइव्हवरून चालू केलंस, म्हणजे माझ्या डिस्कवर एक अक्षरही नवीन लिहिलं जाऊ नये. विंडोज असती तर तिने दुरुस्ती म्हणून स्वतःच काहीतरी खुडबुड केली असती, हे तुझे शब्द. ओव्यांचा फोल्डर चाळीस एमबीचासुद्धा नव्हता. तो उतरेपर्यंत तू खुर्चीवर टेकला नाहीस. पडद्यावरची पट्टी शेवटाला गेली तेव्हा तुझ्याच तोंडून "आई गं" निघालं.

त्यानंतरचे तीन दिवस मी गावी होते, पण तू फोन करत होतास. एकेक फाइल उचलायची नाही, अख्खी डिस्क जशीच्या तशी दुसऱ्या डिस्कवर एका मोठ्या फाइलमध्ये घ्यायची, हे मला तुझ्यामुळे कळलं. डीडीरेस्क्यू नावाचं सॉफ्टवेअर आधी सोपं सोपं वाचून घेतं, अडलेली जागा सोडून पुढे जातं आणि मग एकेका अडल्या जागेकडे परत येतं. कुठवर आलो याची नोंदही ठेवतं, म्हणून मधेच लाइट गेली तरी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. पहिल्या दुपारीच बहुतेक सगळं आलं होतं. उरलेल्या चिमूटभरासाठी तीन दिवस गेले. टेबलफॅन डिस्ककडे वळवून तू स्वतः घामात बसलास, हे तुझ्याकडच्या मुलाने सांगितलं. शेवटी दोनशे केबीसुद्धा वाचायचं राहिलं नव्हतं. काही विंडोजच्या फायलींमधलं, आणि बाकीचं एकाच रेकॉर्डिंगमध्ये तीन ठिकाणी.

मला वाटलं काम झालं. नव्या कॉम्प्युटरवर पहिली फाइल उघडली तर तिथे इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस, कसलीतरी चिन्हं. एकही मराठी अक्षर नाही. माझे हातपाय गळाले. तू म्हणालास, "घाबरू नका, शब्द आहेत, फक्त त्यांचा चेहरा मागे राहिलाय." जुन्या फॉण्टमध्ये कॉम्प्युटरला ते इंग्रजी अक्षरच वाटत असतं, फॉण्ट फक्त त्यावर मराठी आकार चढवतो. जुन्या डिस्कच्या विंडोज फोल्डरमधल्या फॉण्टमधून तू माझे श्रीलिपीचे फॉण्ट काढून नवीन मशीनमध्ये घातलेस, फाइल पुन्हा उघडलीस, आणि पाटणच्या बाया समोर उभ्या राहिल्या.

इथेच थांबला असतास तरी मी जन्मभर ऋणी राहिले असते. तू म्हणालास, "हे फॉण्ट उद्या कुणाकडे नसतील, तेव्हा काय? युनिकोडमध्ये करून घेऊ." युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला ठरलेला नंबर असतो, ऱ चा 0931, ळ चा 0933, कुठल्याही मशीनवर तोच. कन्व्हर्टरमधून फायली काढल्यास. ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या अक्षरापुढे जाऊन बसली होती, कारण जुन्या पद्धतीत ती आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये अक्षराच्या नंतर साठवली जाते. ते तू एका छोट्या प्रोग्रॅमने सरळ केलंस. पण ऱ्य तसा सुटला नाही. पहिलंच पान वाचताना तू थांबलास. "काकी, कोयनेच्या खोऱ्यात दर्या कुठून आला?"

बाया दऱ्यांबद्दल गात होत्या. कन्व्हर्टरने सगळ्या दऱ्यांचा समुद्र करून टाकला होता. आणि सरसकट बदलता येत नव्हतं, कारण सूर्याच्या ओव्याही होत्या, त्यातला र्य बरोबर होता. सासऱ्या, शेजाऱ्या, दुसऱ्या, साऱ्या, एकेक शब्द डोळ्यांनीच पाहायला हवा होता. तू कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस. तुझं काम फाइल उघडली तिथे संपत होतं. तरीही चार रविवार गाळा बंद ठेवून तू माझ्यासोबत बसलास. मी मोठ्याने वाचायची, तू दुरुस्त करायचास. मी मराठी शिकवण्यात आयुष्य घालवलं. इतक्या काळजीने ऱ कडे पाहणारा विद्यार्थी मला वर्गात क्वचित मिळाला.

आणखीही बारीकसारीक गोष्टी मनात आहेत. नव्या डिस्कवर एक टीबी लिहिलंय आणि कॉम्प्युटर 931 जीबीच दाखवतो, म्हणून मी फसवलं गेल्याच्या शंकेने तुला फोन केला. बनवणारे हजाराने मोजतात आणि विंडोज 1024 ने, हे तू न कंटाळता हिशेब करून दाखवलंस. जुनी विंडोज एक्सपीच उचलून नव्या मशीनवर ठेव असा हट्ट मी धरला होता. तिला 2014 पासून सुरक्षेचं कवच नाही आणि नव्या यंत्राची भाषाही तिला येत नाही, असं सांगून तू माझा डेस्कटॉप मात्र तसाच मांडून दिलास, फोल्डर त्याच कोपऱ्यात. फायलींच्या जुन्या तारखाही जपल्यास. एका फाइलवर 2007 च्या मार्चमधली पहाटेची 4:50 ची वेळ दिसते. ती मी बराच वेळ बघत बसले होते.

आता एक प्रत कॉम्प्युटरवर, एक कपाटातल्या वेगळ्या डिस्कवर आणि एक पुण्याला लेकीकडे आहे. तिन्ही अक्षर न् अक्षर सारख्या असल्याची खात्री तू करून दिलीस. जुनी डिस्क चंदेरी पिशवीत घालून परत दिलीस आणि वर तुझ्या हाताने चिठ्ठी चिकटवलीस: "चालू करू नये." ती देवघराखालच्या फडताळात आहे. पैसे विचारले तर तू नव्या दोन डिस्कांचेच घेतलेस. त्यावर किती वेळा वाद झाला आपला. दिवाळीनंतर इंद्रायणी तांदळाचं पोतं येईल, ते परत पाठवायचं नाही. वहिनींना सांगून ठेवलंय.

त्या तीन ठिकाणांचं सांगायचं राहिलं. रेकॉर्डिंग आईचंच निघालं, हे तुला माहीत आहे, पण पुढचं माहीत नाही. प्रत्येक ठिकाणी आवाज साधारण पाव सेकंद तुटतो, म्हणजे एखादं अक्षर. तू फार हळहळला होतास. परवा मी ते रेकॉर्डिंग आणि तुझ्यासोबत दुरुस्त केलेली फाइल शेजारी शेजारी ठेवून बसले. पहिल्या ठिकाणी एक "ळ" गेला आहे, दुसऱ्या ठिकाणी "गं". दोन्ही माझ्या टाइप केलेल्या ओळीत जागेवर आहेत. तिसऱ्या ठिकाणी दोन ओव्यांच्या मधली जागा आहे. तिथे आई श्वास घ्यायला थांबली होती आणि नुसतं जातं फिरत होतं.

तुझी,
पाटणची काकी