समुदायाच्या तक्रारी : शून्य

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पर्यावरण आणि समाजाशी आपण कसं वागतो हे सांगणाऱ्या कंपन्यांच्या शाश्वतता अहवालांबद्दल अलीकडे वर्तमानपत्रांत बरंच छापून येतं. त्यात कारखान्याच्या कुंपणाला लागून राहणाऱ्यांचा उल्लेख क्वचितच असतो, म्हणून हे पत्र.

आमचं गाव एमआयडीसीला खेटून आहे. मागच्या पावसाळ्यानंतर ओढ्याकाठच्या विहिरीचं पाणी पिवळट झालं. ते आधी कळलं पाणी शेंदणाऱ्या बायकांना. हंड्याच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधून गाळलं तरी रंग जाईना. वासरू तोंड लावायचं आणि मान फिरवायचं. पाणी कशाने बिघडलं हे आम्हाला माहीत नाही. ते तपासा, एवढीच विनंती लिहून, गावकऱ्यांच्या सह्या घेऊन आम्ही शेजारच्या कारखान्याच्या फाटकावर गेलो. सुरक्षारक्षकाने अर्ज ठेवून घेतला, पण पोच देण्याचा अधिकार आपल्याला नाही म्हणाला. त्यानंतर दोन खेपा झाल्या. पोच मिळाली नाही आणि उत्तरही नाही.

पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या पुतण्याने त्या कंपनीचा वार्षिक अहवाल मोबाइलवर उघडून दाखवला. शेअर बाजारात नोंदलेल्या, बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार कंपन्यांना सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, २०२२-२३ पासून वार्षिक अहवालात 'व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल' सक्तीचा केला आहे. त्यात तक्रारींचा एक तक्ता असतो आणि पहिलीच ओळ 'समुदाय' अशी असते. वर्षभरात आलेल्या तक्रारी : शून्य. प्रलंबित : शून्य. पुतण्याने मराठीत सांगितलं म्हणून कळलं. अहवाल सगळा इंग्रजीत. ते ऐकून माझी वहिनी एवढंच म्हणाली, "म्हणजे आपण गेलोच नव्हतो का?"

कोणी मुद्दाम खोटं लिहिलं, असा माझा आरोप नाही. फाटकावर दिलेला कागद अहवाल लिहिणाऱ्यांच्या टेबलापर्यंत पोहोचतच नसेल. पण समुदायाची ओळ समुदायाला न विचारता भरता येते, हा दोष व्यवस्थेचा आहे आणि तो दुरुस्त करता येण्यासारखा आहे.

त्यासाठी नवं काही शोधायला नको. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार प्रकल्पाआधीच्या जनसुनावणीत शेवटी कामकाजाचा गोषवारा लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा लागतो. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने कामांचं सामाजिक लेखापरीक्षण ग्रामसभेकडे दिलं. हिवरे बाजारात तर पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडून पिकं ठरवली जातात. गावाला आकडे कळत नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी तिथे जाऊन यावं. जनसुनावणी मात्र प्रकल्पाआधी एकदाच होते. कारखाना सुरू झाला की पुढे पाणी, धूर, गाळ यांबद्दल गावाला विचारण्याची वेळ ठरलेली नसते.

माझी मागणी साधी आहे. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि आपल्याकडे १ मे रोजी ग्रामसभा असते. कंपनीने आपल्या अहवालातला पाण्याचा, कचऱ्याचा आणि तक्रारींचा भाग त्या सभेत मराठीत वाचून दाखवावा. आमच्या गावाजवळच्या कारखान्याचे आकडे वेगळे सांगावेत. साऱ्या देशातल्या कारखान्यांची बेरीज आमच्या विहिरीबद्दल काहीच सांगत नाही. ग्रामसभेचा आक्षेप असेल तर तो ठरावासह अहवालाला जोडावा. आणि फाटकावर एक आवक नोंदवही ठेवावी, जिथे अर्ज देणाऱ्याला क्रमांक आणि शिक्का मिळेल. सेबीने हे अहवालाच्या नमुन्यातच घालावं.

याच कंपनीने शाळेला बाकं दिली, त्याबद्दल गाव मनापासून आभारी आहे. बाकांचा फोटो अहवालात आहे. विहीर शाळेपासून हाकेच्या अंतरावर आहे.

येत्या १ मे च्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा, असा अर्ज आम्ही ग्रामपंचायतीत दिला आहे. कंपनीच्या प्रतिनिधीला निमंत्रण पाठवावं, असंही त्यात लिहिलं आहे. त्या अर्जाची पोच आमच्याकडे आहे.

आपला,
एक शेतकरी वाचक, जि. पुणे