मूळ फुटेजला कुलूप हवे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दांडिया बाजारात गेली 22 वर्षे मी लग्न-मुंजींचे व्हिडिओ एडिट करतो. हल्ली आमच्या धंद्यात एआय एजंट आले आहेत. हाताखालच्या मुलाला सांगावे तसे लिहून सांगितले की एजंट स्वतःच सॉफ्टवेअर चालवतो, क्लिपा कापतो, जोडतो, रेंडरला लावतो. नोव्हेंबर 2024 मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एआयला इतर सॉफ्टवेअरशी जोडण्याची एक सामाईक पद्धत, आला, तेव्हापासून अशी जोडणी बरीच सोपी झाली. मीही ती वापरतो. लग्नसराईतली जागरणे वाचतात. पण यंदा पावसाळ्यात जे घडले ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

एक काका 2004 सालच्या मुंजीची मिनी-डीव्ही कॅसेट घेऊन आले. तासाभराची टेप, संगणकावर उतरवली की साधारण 13 जीबीची फाइल होते. ती उतरवून मी एजंटला सांगितले, "रिकामे भाग काढून टाक." मातृभोजनाच्या वेळी कॅमेऱ्याचा माइक सुटला होता, त्यामुळे ती चार मिनिटे मुकी होती. आवाज नाही म्हणजे रिकामे, असे धरून एजंटने ती कापली आणि कापलेली फाइल मूळ फाइलच्याच नावाने सेव्ह केली. पाटावर बसलेली आई मुलाला घास भरवते आहे, एवढेच त्यात होते. त्या बाई आता हयात नाहीत. टेप पुन्हा लावली, तर बुरशीमुळे चित्रभर चौकोन उमटले. चेहरा जेमतेम दोन-तीन ठिकाणी ओळखू येतो. काका मला एक शब्द बोलले नाहीत. मी पैसे घेतले नाहीत, पण त्याने काय भरून येणार?

माझे सांगणे मोघम होते, हे मान्य. तरी तेवढ्यावर मूळ फाइल पुसण्याची मुभा एजंटला होतीच कशाला? तो माझ्याच लॉगिनने चालतो. मला जे पुसता येते ते त्यालाही येते. एफएफएमपेगसारखे, आदेश टाइप करून व्हिडिओवर काम करण्याचे जुने साधनसुद्धा त्याच नावाची फाइल आधी असेल तर तिच्यावर लिहू का, असे विचारते. आदेशात 'डॅश वाय' घातले की मात्र विचारत नाही.

मिनी-डीव्ही कॅसेटच्या कडेला एक छोटी खिट्टी असते. ती 'रेक'वरून 'सेव्ह'कडे सरकवली की त्या टेपवर कॅमेऱ्याला दुसरे काही चित्रित करता येत नाही. टेप बाहेर काढली की आधी नखाने ती खिट्टी सरकवायची, हे आम्ही नव्या मुलाला पहिल्याच दिवशी शिकवायचो. तशी खिट्टी आता संगणकात हवी: एजंटला वेगळे लॉगिन, मूळ फुटेजच्या फोल्डरवर फक्त वाचण्याची परवानगी, आणि सगळे काम प्रतीवर. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बाहेरून येणाऱ्या स्क्रिप्टसाठी, म्हणजे लिहून दिलेल्या आदेशांसाठी, 'नन' (कोणाचेच नाही), 'लोकल' (याच संगणकावरचे) आणि 'नेटवर्क' (दुसऱ्या संगणकांवरचेही) असे तीन पर्याय आहेत. एका संगणकावर चालणाऱ्या स्टुडिओने 'नेटवर्क' उघडे ठेवण्याचे काही कारण नाही. पुसणे आणि यूट्यूबवर चढवणे तर माणसाने स्वतः बटण दाबल्याशिवाय होताच कामा नये. लग्नघरातल्या लेकीसुनांचे चित्रण असते ते, एकदा बाहेर गेले की आवरता येत नाही.

सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी ही कुलपे लावूनच माल द्यावा. शहरात एडिटिंगचे क्लास चालवणाऱ्यांनी कट आणि कलर शिकवण्याआधी हे शिकवावे. आणि घरच्या जुन्या टेपा स्टुडिओत देणाऱ्यांनी, मूळ फाइल कुठे राहणार आणि तिला कोण हात लावणार, हे विचारून पावतीवर लिहून घ्यावे. मी गेल्या महिन्यापासून तसे लिहून देतो आहे.

आपला,
एक व्हिडिओ एडिटर, दांडिया बाजार, बडोदा